अविचार, हयगय आणि दोन वर्षे

पीनल कोडाच्या एकशे चोविसाव्या कलमाला जोडलेले 'अ' हे अक्षर मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. १८९७ साली टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली ती या कलमाखाली, आणि १९०८ साली सहा वर्षांची काळ्या पाण्याची सजा होऊन ते मंडालेस गेले तेही याच कलमाखाली. राजद्रोहाचे हे कलम कोडात घालणारा कायदा म्हणजे १८७० सालचा सत्ताविसावा कायदा. त्याच कायद्याने त्याच कागदावर आणखी एक कलम कोडात आणले. त्याची जन्मकथा मात्र वकिलांखेरीज फारशा कोणास ठाऊक नाही. ते कलम ३०४-अ. अविचाराने किंवा हयगयीने कोणी दुसऱ्याच्या मृत्यूस कारण झाला आणि ते कृत्य सदोष मनुष्यवधात मोडत नसले, तर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे लेखणीने सरकारविषयी अप्रीती उत्पन्न केली तर जन्मभर काळे पाणी होऊ शकेल, आणि बेफिकिरीने माणूस मारला तर फार तर दोन वर्षे! परक्या राज्यकर्त्यांचा हिशेब असाच असावयाचा, यात नवल नाही. नवल हे की, परके गेले, स्वराज्य आले, घोडागाड्या गेल्या, मोटारी आल्या, आणि हा दोन वर्षांचा आकडा जागचा हलला नाही तो थेट २०२४ सालापर्यंत.

दारू पिऊन अथवा बेफाम मोटार हाकून माणसे मारणाऱ्यांना कडक शिक्षा झाली पाहिजे, ही मागणी आज घरोघर ऐकू येते. सणासुदीत मरणाच्या गोष्टी कशाला, असे एखादी आजीबाई म्हणेलही. परंतु याच दिवसांत गावाकडे जाणाऱ्या गाड्यांची रस्तोरस्ती रीघ लागलेली असते, तेव्हा विषय अगदीच अप्रस्तुत नव्हे. मागणी रास्त आहे असे मलाही वाटते. पण कडक म्हणजे किती, आणि कोणाला, हे ठरविण्यापूर्वी हा दोन वर्षांचा आकडा आला कोठून आणि टिकला कसा, हे पाहणे बरे.

तो आला मेकॉलेच्या टेबलावरून. १८३७ साली मेकॉलेने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानसाठी दंडविधानाचा जो मसुदा तयार केला, त्यात मनुष्याच्या जीविताविषयी योग्य ती पर्वा नसल्याचे दाखविणाऱ्या अविचारी कृत्याबद्दल एक कलम होते, आणि त्यातही शिक्षा दोनच वर्षांची होती. मेकॉलेच्या इंग्रजी शिक्षणाविषयीच्या टिपणावर आपल्याकडे इतके तोंडसुख घेतले गेले आहे की, त्याने या मसुद्यास जोडलेल्या टिपा वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. त्या वाचनीय आहेत. एका ठिकाणी तो जहाजाच्या तांडेलाचा दाखला देतो. हुगळी नदीत नुकताच एक वाळूचा दांडा तयार झालेला आहे; तो आहे हे या अपघातापर्यंत कोणासच ठाऊक नव्हते; तांडेलाने जहाज त्यावर घातले आणि काही उतारू बुडाले. या तांडेलाला खुनी म्हणून फाशी देणे हा घोर अन्याय होईल, हे सर्वांना मान्य आहे. मग मेकॉले विचारतो की, समजा ती सफरच मुळी गुन्हेगारीची होती, तर तेवढ्याने हा अपघात खून कसा ठरावा? त्याचे म्हणणे असे की, शिक्षा माणसाच्या मनात काय होते, त्याला काय ठाऊक होते, यावर ठरावी. दैवाने पुढे काय घडविले यावर नव्हे. हा तांडेल वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे वांद्र्याच्या रस्त्यावर त्याची आठवण होणार आहे.

मसुदा वीस-बावीस वर्षे धूळ खात पडला आणि १८६० साली पीनल कोड मंजूर झाले, तेव्हा त्यातून मेकॉलेची दोन कलमे गळाली होती. एक राजद्रोहाचे आणि दुसरे अविचाराने होणाऱ्या मृत्यूचे. त्यामुळे मोठी गमतीची स्थिती उत्पन्न झाली. रस्त्यावर बेदरकारपणे गाडी हाकण्यास कलम २७९ खाली सहा महिने होते. अविचाराने कोणाचा पाय मोडला तर कलम ३३८ खाली दोन वर्षे होती. पण त्याच अविचाराने माणूस मेला तर त्याच्यासाठी स्वतंत्र कलमच नव्हते. १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा कायदेमंत्री असताना दोन्ही गळालेली कलमे परत कोडात आली, तीच ही जुळी भावंडे. तरीही विसंगती राहिलीच. मोडलेल्या पायाची किंमत दोन वर्षे होती, आणि आता गेलेल्या जिवाचीही दोनच वर्षे झाली.

त्या वेळचा रस्ता डोळ्यांपुढे आणला पाहिजे. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन सतरा वर्षे झाली होती, पण मुंबईत घोड्यांची ट्राम यावयास अजून चार वर्षे होती. रस्त्यावर खटारे, शिग्राम, टांगे आणि मेणे. घोडा उधळला तर गाडीवानाचा दोष किती आणि घोड्याचा किती, हा प्रश्न खराच होता. योगायोग असा की, हे कलम येण्याच्या आदल्याच वर्षी, १८६९ च्या ऑगस्टात, आयर्लंडमध्ये मेरी वॉर्ड नावाची विदुषी वाफेच्या गाडीवरून वळणावर खाली पडून चाकाखाली सापडली आणि मरण पावली. सूक्ष्मदर्शकावर पुस्तके लिहिणारी ही बाई स्वयंचलित वाहनाचा जगातला पहिला बळी समजली जाते. स्टीफनसाहेबाच्या ध्यानीमनीही ती गाडी नसणार. त्याच्या कलमात मोटारीचा मागमूस नाही, आणि दारूचाही नाही.

इकडच्या हायकोर्टांनी या कलमाला लवकरच सुरेख धार लावली, हे कबूल केले पाहिजे. मद्रासने १८७२ साली आणि अलाहाबादने १८८१ साली अविचार व हयगय यांतला भेद स्पष्ट केला. धोका दिसत असून 'नाही होणार काही' म्हणून पुढे जाणे हा अविचार. आणि जे पाहणे कर्तव्य होते ते न पाहणे ही हयगय. १९०२ साली मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी आणखी एक अट सांगितली. मृत्यू त्या कृत्यातूनच थेट उद्भवलेला पाहिजे, मध्ये तिसऱ्याच्या चुकीचा हात असता कामा नये. हे सगळे घोटीव न्यायशास्त्र होते. पण शिक्षेचा आकडा बदलणे न्यायाधीशांच्या हाती नसते.

तोवर विलायतेत मोटार अवतरली होती. १८९६ च्या ऑगस्टात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पादचारी स्त्री मोटारीखाली सापडून मेली. असा प्रसंग पुन्हा कधी न येवो, अशी आशा चौकशी करणाऱ्या कॉरोनरने व्यक्त केली होती. पुढच्याच वर्षी जॉर्ज स्मिथ नावाच्या लंडनच्या टॅक्सीवाल्याने पिऊन आपली विजेची टॅक्सी एका इमारतीत घातली आणि त्याला पंचवीस शिलिंग दंड झाला. तोही १८७२ सालच्या ज्या कायद्याखाली झाला त्यात घोडा, गुरे, गाडी आणि वाफेचे एंजिन घेऊन रस्त्यावर झिंगणाऱ्यांचा समाचार घेतलेला होता.

इंग्रजांची पुढची हकिकत बोधप्रद आहे. त्यांच्याकडे बेफाम मोटार हाकून माणूस मारणाऱ्यावर मनुष्यवधाचा खटला भरता येई, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. कायदा कडक होता, पण ज्यूरी दोषी ठरवीत नसे! ज्यूरीतले बारापैकी निम्मे स्वतः मोटार हाकणारे. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांना आपणच उभे आहोत असे वाटे. शेवटी १९५६ साली पार्लमेंटने धोकादायक वाहन हाकून मृत्यू घडविणे हा वेगळा गुन्हा केला आणि त्याला पाचच वर्षे ठेवली. म्हणजे दोषी ठरविणे सोपे जावे म्हणून शिक्षा खाली आणली! १९६७ साली बार्बरा कासल या मंत्रीणबाईंनी श्वासाच्या तपासणीचा कायदा आणला आणि किती प्यायले म्हणजे गुन्हा, याचे माप ठरवून दिले. त्यावर सभागृहाबाहेर केवढा गहजब झाला! त्यानंतर शिक्षा चढत गेली. १९९३ साली दहा वर्षे, २००३ च्या कायद्याने चौदा, आणि २०२२ साली पुन्हा जन्मठेप. दीडशे वर्षांत आपला आकडा एकाच जागी उभा होता, तर त्यांचा खाली उतरून पुन्हा वर चढला.

आपल्याकडे मोटारीचे कायदे झालेच नाहीत असे नाही. १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन मोठे कायदे झाले. पण त्यांचा भर परवाने, परमिटे आणि विमा यांवर. मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई मिळण्याची व्यवस्था त्यातून उभी राहिली, ही गोष्ट लहान नाही. तरी मारणाऱ्याच्या शिक्षेचा प्रश्न पीनल कोडाकडेच राहिला. मुंबई राज्यात तर आणखी एक चमत्कार झाला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात १९५९ साली दुरुस्ती होऊन रक्ततपासणीचे नियम आले. मोटारीला हातही न लावता घरी चालत निघालेल्या माणसाच्या रक्तातल्या अल्कोहोलचे प्रमाण डॉक्टरकडून मोजून घेण्याची सोय सरकारने केली, आणि पिऊन मोटारीखाली माणूस घेतला तर शिक्षा मात्र १८७० चीच.

आकडा वाढवावा असे कोणी सुचविले नाही काय? सुचविले. लॉ कमिशनने १९७१ च्या अहवालात पाच वर्षे करा म्हटले. त्याप्रमाणे १९७२ साली विधेयक आले, ते सहा वर्षे रेंगाळून १९७८ साली राज्यसभेत मंजूर झाले, आणि १९७९ साली लोकसभा बरखास्त झाली तेव्हा तिच्याबरोबर निवर्तले. १९९७ साली कमिशनने पुन्हा सांगितले. २००९ साली तर रस्त्यावरील अपघातांवर वेगळाच अहवाल देऊन दहा वर्षांपर्यंत जावे असे म्हटले. अहवाल छापले गेले, एवढेच.

आता वांद्र्यास येऊ. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे, चारच्या सुमारास, कार्टर रोडच्या पदपथावर बांधकामावरचे मजूर झोपलेले होते. एक मोटार भरधाव पदपथावर चढली. सात जण ठार झाले, आठ जखमी. मोटार हाकणारा तरुण प्यालेला होता. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल आढळले. म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम. मोटार कायद्याची मर्यादा ३० ची. सेशन्स कोर्टाने त्याला ३०४-अ खाली दोषी ठरवून सहा महिने साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड सांगितला. दोन वर्षांची मुभा असता सहा महिने! वृत्तपत्रांतून ओरड झाली, हायकोर्टाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले, आणि सप्टेंबर २००७ मध्ये निकाल फिरविला. हा नुसता अविचार नव्हे, हा सदोष मनुष्यवध. कलम ३०४ चा दुसरा भाग, ज्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दिली मात्र तीन वर्षे. १२ जानेवारी २०१२ रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. तीन वर्षे ही फारच थोडी शिक्षा आहे, पण सरकारने वाढीसाठी अपीलच केलेले नाही, तेव्हा आमचा इलाज नाही, असेही न्यायमूर्तींनी नमूद करून ठेवले. सरकारी वकिलांच्या या मौनाचे कारण कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

तीन वर्षांपेक्षा या निकालातील तर्क मला महत्त्वाचा वाटतो. ३०४ च्या दुसऱ्या भागाला मारण्याचा हेतू लागत नाही. या कृत्याने माणूस मरण्याचा संभव आहे ही जाणीव लागते. सुप्रीम कोर्टाने मानले की, जो माणूस पिऊन, वाहनावर ताबा न राहील अशा वेगाने, वस्तीच्या रस्त्यावरून मोटार नेतो, त्याला ही जाणीव होती असे धरता येईल. आता मेकॉलेचा तांडेल आठवावा. त्याला वाळूचा दांडा ठाऊक नव्हता, म्हणून तो सुटला. मुंबईच्या पदपथावर रात्री माणसे झोपतात, हे मला ठाऊक नव्हते, असे मुंबईत मोटार बाळगणारा कोणता गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणेल? रोज रात्री घरी जाताना त्याच्या दिव्यांच्या झोतात ती माणसे दिसत असतात. मेकॉलेच्याच मापाने मोजले तरी त्याची जागा त्या तांडेलाशेजारी नाही. ग्लास ओठाला लावतानाच किल्ली खिशात आहे हे त्याला माहीत असते. पुढे शुद्ध राहिली नाही, ही सबब त्याने स्वतःच्या हाताने तयार केलेली असते.

हा तर्क मान्य झाला खरा, पण तो सर्वत्र सारखा चालला नाही. दिल्लीत जानेवारी १९९९ मध्ये एका महागड्या मोटारीने सहा जण मारले, त्यांत तीन पोलीस होते. खालच्या कोर्टाने पाच वर्षे दिली, हायकोर्टाने कलम बदलून ती दोन केली. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने गुन्हा सदोष मनुष्यवधाचाच म्हटला, पण भोगलेली दोन वर्षे पुरे धरून वर पन्नास लाख रुपये आणि दोन वर्षांची समाजसेवा सांगितली. पंजाबातल्या एका खटल्यात दोघे मेले होते. हायकोर्टाने आरोपीने भोगलेले चोवीस दिवस पुरे मानले. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने ते सहा महिने केले आणि ३०४-अ मधील शिक्षेचा कायदेमंडळाने फेरविचार करावा असे स्पष्ट सुचविले.

हे सगळे पाहता मनात येते ते असे. आकडा दोनच वर्षांचा होता म्हणून शिक्षा हलक्या झाल्या, हे अर्धेच खरे. दोन वर्षांतलीही दोन वर्षे क्वचितच दिली गेली. कलमात 'किंवा दंड' असे असल्याने केवळ दंडावरही भागविता येत असे. साक्षीदार फिरतात, रक्ताचा नमुना उशिरा घेतला जातो, खटला आठ-दहा वर्षे चालतो आणि मग आरोपी आता संसारी झाला म्हणून कोर्टाला दया येते. पुस्तकातली शिक्षा आणि माणसाच्या वाट्याला येणारी शिक्षा यांतले अंतर कोणत्याही दुरुस्तीने एका दिवसात मिटत नाही. तरीही आकडा वाढविला पाहिजे होता, कारण कायदा कशाला किती गंभीर समजतो हे त्या आकड्यावरूनच न्यायाधीश वाचतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. हा सरकारचाच आकडा आहे.

अखेर १ जुलै २०२४ रोजी पीनल कोडच निवृत्त झाले आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १०६ व्या कलमात दोनाची पाच वर्षे झाली, आणि कैदेऐवजी नुसत्या दंडावर सुटण्याची वाट बंद झाली. डॉक्टरांच्या हातून उपचारात चूक होऊन रोगी दगावला तर मात्र जुनी दोन वर्षेच ठेवली आहेत. त्याच कलमात दुसरे पोटकलम असे होते की, वाहन बेफामपणे हाकून माणूस मारणारा पोलिसांना अथवा मॅजिस्ट्रेटला न कळविता पळून गेला, तर दहा वर्षे. ते अंमलात येण्याआधीच, २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत, देशभर ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीचे टँकर थांबले, आणि मुंबई-नागपुरात पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. चालकांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. अपघातानंतर थांबलो तर जमाव जिवंत सोडणार नाही, आणि पळालो तर दहा वर्षे. महिन्याच्या तुटपुंज्या पगारात ही जोखीम कोण घेईल? सरकारने चर्चेचे आश्वासन दिले, आणि जुलैत संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून.

मला यातले दोन्ही टोकांचे बोलणे अपुरे वाटते. सोळा तास गाडी हाकून डोळा लागलेला ट्रकवाला आणि मैफलीतून उठून किल्ली हाती घेणारा शौकीन, हे दोघे नव्या कलमातही एकाच ओळीत उभे आहेत. १०६ व्या कलमात दारूचा उल्लेखच नाही. पळण्याला वेगळी शिक्षा सुचली, पिण्याला सुचली नाही! प्यालेल्याला गाठावयाचे तर कार्टर रोडच्या निकालाचाच आधार घेऊन, सदोष मनुष्यवधाच्या कलमाकडे जावे लागते, आणि ते न्यायाधीशाला पटले तरच. विलायतेने पिऊन मृत्यू घडविणे हा १९९१ सालीच स्वतंत्र गुन्हा करून टाकला होता. ती रेघ आपल्या संहितेत ओढली गेली असती तर ट्रकवाल्यांचीही अर्धी तक्रार मिटली असती. तसे झाले नाही.

१२४-अ हे जुळे भावंडही त्याच १ जुलैला कोडाबरोबर गेले. सुप्रीम कोर्टाने ते मे २०२२ पासून स्थगितच ठेवले होते. संहितेच्या १५२ व्या कलमात त्याचा काही अंश वेगळ्या शब्दांत उतरला आहे. दोघे एका कायद्याने आले आणि एका दिवशी गेले.

गेले म्हणावे तर तेही पूर्णपणे नाही. त्याच वर्षी १९ मे च्या पहाटे पुण्यास कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दुचाकीवरचे दोघे तरुण इंजिनियर ठार झाले. बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले, त्यावर देशभर संताप उसळला आणि तो आदेश पुढे फिरला. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. तो दिवस १ जुलैच्या त्रेचाळीस दिवस आधीचा. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा लागू होतो. त्यामुळे नवी संहिता आली असली तरी त्या पहाटेचा न्याय मेकॉले आणि स्टीफन यांच्या जुन्या पुस्तकातूनच व्हावयाचा.